हात, घड्याळ आणि लॅपटॉप: एका एसडीआर स्टेशनचा प्रकरण अभ्यास

काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खोल गेलेला होता. "माझा हात गेला रे," ते म्हणाले. "डिट नीट पडत नाहीत. समोरचा पुन्हा पुन्हा विचारतो, काय पाठवलंत म्हणून. आता मोर्सची की उचलून ठेवावी म्हणतो."

मला मोर्स, म्हणजे छोट्या (डिट) आणि लांब (डा) ठोक्यांची संदेशभाषा, शिकवली ती याच माणसाने. चाळीस वर्षांहून जास्त काळ ते हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवर आहेत, आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच सरळ कीवर (ठोके द्यायच्या खटक्यावर) गेलेला. नावाची अक्षरं यायच्या आधीच, नुसत्या तालावरून, समोर काका आहेत हे ओळखू यायचं. वय झालं की हात मंदावतो, मान्य. पण मंदावणं वेगळं आणि वेडंवाकडं होणं वेगळं. मी दोन-तीन संध्याकाळी त्यांचा सिग्नल माझ्या स्टेशनवर ऐकला. कधी डिट अर्धवट तुटलेला, कधी दोन डिट चिकटून एक डा झालेला, आणि मध्येच सलग दोन ओळी अगदी पूर्वीसारख्या स्वच्छ. म्हातारा हात असा चुकत नाही. तो सारखाच चुकतो.

पुढचे पाच आठवडे आम्ही त्या स्टेशनमागे होतो. काय सापडलं, कुठे फसलो आणि काय अजून सुटलेलं नाही, ते इथे लिहितो आहे. अशा वेळी स्वतःलाच दोष देणारे काका एकटे नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आधी स्टेशनची रचना. जुना वजनदार ट्रान्सीव्हर (ऐकणं आणि प्रक्षेपण दोन्ही करणारा संच) थकल्यावर काकांनी एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, घेतला होता. अँटेनावरचा सिग्नल थेट आकड्यांत बदलायचा, आणि पूर्वी कॉइल, कपॅसिटर, क्रिस्टल फिल्टर करायचे ते काम गणिताने करायचं, हे त्याचं तत्त्व. काकांचा रेडिओ म्हणजे तळहातावर मावेल असा डबा, त्यापुढे ८० वॉटचा ॲम्प्लिफायर. डब्यातून नेटवर्कची केबल लॅपटॉपमध्ये. वॉटरफॉल (बँडवरचे सिग्नल दाखवणारं सरकतं चित्र), फिल्टर, आवाज हे सगळं लॅपटॉपवर. मोर्स की यूएसबी-सीरियल ॲडॉप्टरने लॅपटॉपलाच जोडलेली. एफटी८ या संगणकी संदेशपद्धतीसाठी आवाज एका आभासी ऑडिओ केबलने डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रामकडे नेलेला. इंटरनेट वाय-फायवर.

तक्रारी चार होत्या. ऐकताना अधूनमधून चर्र आवाज यायचा. एफटी८चे डिकोड (उलगडलेले संदेश) कधी पन्नास, कधी चार. की बिघडलेली. आणि एकदा, २१ मेगाहर्ट्झवर, की सोडूनही रेडिओ प्रक्षेपण करतच राहिला होता. काकांनी धावत जाऊन पॉवर सप्लाय बंद केला. ही शेवटची गोष्ट त्यांनी मला सर्वांत उशिरा सांगितली. आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं त्यांना वाटत होतं.

मी पोहोचण्याआधी एक उपाय होऊन गेला होता. जो तो त्यांना सांगत होता, लॅपटॉप कमी पडतोय, वेगवान घ्या. त्यांनी घेतला. नव्यावर चर्र आवाज आणखी वाढला. तेव्हा त्यांची खात्रीच पटली की यंत्र चांगलं आहे, दोष आपल्याकडे आहे.

मी पहिल्यांदा प्रोसेसरचा वापर पाहिला. १२ टक्क्यांवर तो कधी गेलाच नाही. या एका आकड्याने बरेच लोक फसतात, मीही पूर्वी फसलो आहे. हा आकडा सरासरी असतो. रेडिओला सरासरीशी काही घेणंदेणं नसतं, त्याला नेमका क्षण लागतो. काकांचा डबा ज्या जुन्या ओपन-एचपीएसडीआर पद्धतीने बोलतो, तिच्यात एका रिसीव्हरसाठी एका पॅकेटमध्ये १२६ सॅम्पल (सिग्नलचे आकड्यांतले नमुने) असतात. सेकंदाला १,९२,००० सॅम्पलचा वेग ठेवला तर सेकंदाला सुमारे १५२४ पॅकेट येतात. एक पॅकेट म्हणजे ०.६६ मिलिसेकंदाचं आकाश. लॅपटॉपने ती पॅकेट उचलायची, त्यांवर गणित करायचं आणि साउंड कार्डाला ठरल्या वेळी आवाजाचा घास द्यायचा. घास उशिरा आला की साउंड कार्ड थांबत नाही. त्या जागी शांतता किंवा कचरा वाजतो. तोच तो चर्र. उरलेला ८८ टक्के प्रोसेसर रिकामा बसलेला असला तरी त्या क्षणी त्याचा उपयोग नाही.

मग अंदाज बांधण्याऐवजी मोजायचं ठरवलं. दोन चॅनेलचा एक साधा रेकॉर्डर घेतला. कीच्या संपर्कातून एक बॅटरी आणि रेझिस्टर घालून पहिला चॅनेल जोडला, म्हणजे की दाबली गेली तो खरा क्षण मिळतो. दुसरा चॅनेल हेडफोनच्या वायरीवर, म्हणजे काकांच्या कानात साइडटोन (कीचा सूर) पोहोचतो तो क्षण. काकांना म्हटलं, नेहमीसारखं पाठवा. त्यांनी मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाने पाठवलं. या वेगाला डिट बरोबर ६० मिलिसेकंदांचा असतो.

पडद्यावर दोन रेषा उमटल्या. वरची, कीची: डिट ५७ ते ६४ मिलिसेकंदांच्या आत, एकामागून एक, ओळीत लावल्यासारखे. खालची, कानातली: प्रत्येक डिट ७० ते १४० मिलिसेकंद उशिरा, आणि लांबी ३५पासून ९०पर्यंत कुठलीही.

मी काकांना वरच्या रेषेवर बोट ठेवून दाखवलं. हा तुमचा हात. ते बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले आणि काही बोलले नाहीत.

या उशिराचं गांभीर्य की चालवणाऱ्यालाच कळेल. साइडटोन म्हणजे आपण पाठवतोय ते आपल्याच कानावर परत येणं. हात कानाच्या भरवशावर चालतो. डिट संपून गेल्यावर त्याचा आवाज यायला लागला, आणि तोही दर वेळी वेगळ्या अंतराने, की हात अडखळतो. तो भरपाई करायला जातो आणि आणखी चुकतो. ठरावीक उशीर असता तर माणूस एक वेळ जुळवून घेतो. डळमळत्या उशिराशी जुळवून घेणं कुणाला शक्य नाही. शिवाय इथे नुसता कान फसत नव्हता, प्रक्षेपणाचा आकारही तोच लॅपटॉप ठरवत होता. म्हणून समोरच्यालाही तुटके डिट जात होते.

उशीर कुठून येत होता? एका जागेहून नव्हे. यूएसबी-सीरियल ॲडॉप्टरमधून बदल लगेच कळेलच असं नाही, काही मांडण्यांत १६ मिलिसेकंदांपर्यंत उशीर होऊ शकतो. साठच्या डिटमध्ये सोळाची अनिश्चितता म्हणजे पाव भागाहून जास्त. मग सॉफ्टवेअरचा बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा), फिल्टरचा स्वतःचा विलंब, साउंड ड्रायव्हरचा बफर. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं. यातला कुठलाच भाग बिघडलेला नव्हता. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कामांसाठी बनवलेले भाग होते ते, आणि कीपासून कानापर्यंतच्या एकूण वेळेची जबाबदारी कुणाचीच नव्हती. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

बफरने काकांना दोन्हीकडून अडवलं होतं. की सुधारावी म्हणून त्यांनी ऑडिओ बफर २५६ सॅम्पलवर आणला होता. ४८,००० च्या वेगाला तो ५.३ मिलिसेकंदांचा होतो. एवढ्या छोट्या बफरला पाच मिलिसेकंदांची अडवणूकही सोसत नाही, म्हणून चर्र वाढला. बफर २०४८ केला की चर्र जवळजवळ बंद, पण एकट्या बफरचा उशीर ४३ मिलिसेकंदांवर जातो आणि कीवर बोट ठेवायची सोय राहत नाही. महिनाभर ते या दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत होते.

मग अडवणूक कोण करतं ते शोधलं. ड्रायव्हरची तातडीची कामं प्रोसेसरच्या ज्या गाभ्यावर (कोअरवर) चालू असतात, तो गाभा तेवढा वेळ दुसऱ्या कुणाला मिळत नाही. ही अडवणूक मोजणारी साधनं फुकट मिळतात. अर्धा तास चालू ठेवल्यावर आकडे स्वच्छ दिसले: वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर आसपासची नेटवर्कं धुंडाळायला निघाला की ६-७ मिलिसेकंद गाभा अडवून धरायचा. वेब पान उघडताना किंवा चित्रपट बघताना हे कुणालाही जाणवणार नाही, तिथे बफर सेकंदांचे असतात. रेडिओत तेवढ्यात दहा पॅकेट येऊन जातात. नव्या लॅपटॉपवर चर्र जास्त का, तेही इथेच कळलं. त्याचं वाय-फाय कार्ड नवं आणि ड्रायव्हर जास्त उत्साही होता.

वाय-फाय बंद केलं. दर मिनिटाचा चर्र त्याच क्षणी थांबला. काकांनी त्या रात्री पहिल्यांदा दोन तास सलग बँड ऐकला.

दुसऱ्या दिवशी रात्री फोन: एफटी८ पूर्ण मेलं.

ही चूक माझी होती. एफटी८ घड्याळावर चालतं. जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ साली हा मोड आणला; पंधरा सेकंदांचे ठरलेले खंड, त्यात १२.६४ सेकंदांचं प्रक्षेपण, ७९ चिन्हं, प्रत्येक ०.१६ सेकंदाचं. दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली असावी लागतात. फरक दोन सेकंदांच्या आसपास गेला की डिकोड आटतात. लॅपटॉपचं साधं क्वार्ट्झ दहा लाखांत वीस भागांनी चुकलं तरी दिवसाला १.७ सेकंद मागेपुढे होतं. एरवी इंटरनेटवरून ते गुपचूप दुरुस्त होत असतं. मी वाय-फाय बंद करून तो रस्ताच कापला होता, आणि नेटवर्कची एकमेव केबल रेडिओने अडवलेली. डिकोडच्या यादीतला डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकाना वर चढत गेलेला स्पष्ट दिसत होता. मी सोबत असतो तर पहिल्या संध्याकाळीच लक्षात आलं असतं. एक छोटा नेटवर्क स्विच घेतला, रेडिओ आणि राउटर दोघांनाही केबलने त्यावर आणलं, आणि वेळ जुळवणारा प्रोग्राम दर काही मिनिटांनी चालेल असा लावला. डीटी पुन्हा शून्याजवळ आला.

पण एक टक् उरला. चर्र नाही, एकच कोरडा टक्, आणि बऱ्याच वेळाने एकदा. मोजणीच्या साधनात काहीच दिसेना. माझी मती खुंटली होती, तेव्हा काकांनी आपली वही पुढे केली. सगळे क्यूएसओ (रेडिओवरचे संवाद) ते अजून कागदावर लिहितात. समासात त्यांनी टकची वेळ नोंदवायला सुरुवात केली होती, मला न सांगता. २०:०४, २०:११, २०:१८, २०:२५. दर सात मिनिटांनी.

एवढ्या नियमाने येणारा दोष अपघाती नसतो. रेडिओच्या डब्यात एक क्रिस्टल आहे आणि लॅपटॉपच्या साउंड कार्डात दुसरा. दोघेही आपण ४८,००० च्या हिशोबाने चालतोय असं समजतात, पण दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत पन्नासचा फरक धरला तर सेकंदाला २.४ सॅम्पल जास्त किंवा कमी. मधल्या बफरमध्ये १०२४ सॅम्पलची मोकळीक असेल तर ती ४२७ सेकंदांत संपते. सात मिनिटं. तेव्हा सॉफ्टवेअर काही सॅम्पल टाकून देतं किंवा पुन्हा वाजवतं, आणि टक् ऐकू येतो. लॅपटॉप कितीही वेगवान असो, हा टक् जाणार नाही. उपाय म्हणजे दोन घड्याळांतला फरक सतत मोजून आवाजाचं बारीक पुनर्नमुनीकरण करणं. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय होती, मूळ मांडणीत बंद. ती चालू केल्यावर पुढच्या तीन संध्याकाळी काकांचा समास कोरा राहिला.

विजेचा प्रश्न मात्र आमची सर्वांत जास्त परीक्षा पाहून गेला. चार्जर लावलेला असताना ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झचा बँड) एस-मीटर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर, एस७ दाखवायचा, काढला की एस३. चार एस म्हणजे २४ डेसिबल, शक्तीच्या हिशोबात अडीचशे पट गोंगाट, आणि तो ऐकायच्या यंत्राला जेवू घालणाऱ्या डबीतून येणारा. मग बॅटरीवर चालवावं? बॅटरीवर गेला की लॅपटॉप स्वतःहून काटकसर सुरू करतो: प्रोसेसरचा वेग उतरवतो, गाभे खोल झोपवतो, यूएसबीची दारंही झोपवतो. झोपेतून उठायला लागणारा वेळ सूक्ष्म असतो, पण तो नेमका नको त्या क्षणी लागतो. चर्र परत. वीज लावली तर ऐकू येत नाही, काढली तर तुटक ऐकू येतं.

चार्जरच्या दोन्ही वायरी ३१ नंबर मिश्रणाच्या मोठ्या फेराइट कड्यांतून दहा-बारा वेढे देऊन घेतल्या. बाजारात मिळणारी चिमट्यासारखी एका वेढ्याची फेराइटं या वारंवारतेला फारशी कामाची नाहीत. अडथळा साधारण वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेढे घालायलाच हवेत. गोंगाट एस४ वर आला. काटकसरीच्या सगळ्या सोयी एकेक करून बंद केल्या. त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी लपलेल्या होत्या.

प्रक्षेपण अडकण्याचं कारण मानाने लवकर सापडलं. अँटेनाच्या फीडलाइनच्या (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) बाहेरच्या अंगावरून रेडिओ-वारंवारतेचा प्रवाह खोलीत परत येत होता, आणि २१ मेगाहर्ट्झवर यूएसबीची वायर तो छान उचलायची. की दाबलेली असतानाच ॲडॉप्टर लॅपटॉपला दिसेनासा व्हायचा. की सुटल्याची बातमी मग पोहोचायचीच नाही. अँटेनाच्या जोडणीपाशी हा प्रवाह अडवणारा कॉमन-मोड चोक बसवला आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपणाची कमाल मर्यादा घातली. अडकलेलं प्रक्षेपण ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जाळू शकतं आणि बँडवरच्या सगळ्यांना त्रास देतं, आणि परवाना काकांच्या नावावर आहे, लॅपटॉपच्या नव्हे.

आता की. इथे मी ठाम होतो: लॅपटॉपला कीच्या वाटेतून पूर्ण बाहेर काढायचं. रेडिओच्या डब्यावर कीचं स्वतंत्र सॉकेट होतं. त्यातून दिलेल्या कीचा आकार डब्यातली एफपीजीए चिप स्वतः घडवते, लॅपटॉप काहीही करत असला तरी. साइडटोनसाठी एक छोटा मायक्रोकंट्रोलर घेतला, जो की पाहतो आणि त्याच क्षणी स्वतःच्या स्पीकरवर सूर काढतो. लॅपटॉपकडे फक्त ऐकण्याचं काम राहिलं, तेव्हा बफर खुशाल २०४८ केला. समोरचा थोडा उशिरा ऐकू आला तरी बोलण्यात बाधा येत नाही. दोन चॅनेलचा रेकॉर्डर पुन्हा लावला. खालची रेषा वरच्या रेषेची सावली झाली होती.

त्या रात्री काकांनी ७ मेगाहर्ट्झवर सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) दिला. मी माझ्या घरी रिसीव्हर लावून बसलो होतो. पहिल्या तीन अक्षरांत ओळखलं.

त्यानंतर दहा दिवसांनी लॅपटॉपने स्वतःला अद्ययावत करून घेतलं. सकाळी वाय-फाय चालू, काटकसर चालू, मायक्रोफोनची परवानगी बंद. शेवटची गोष्ट सापडायला आम्हाला दीड तास लागला, कारण आभासी ऑडिओ केबलला संगणक मायक्रोफोन समजतो हे लक्षात यायला हवं ना. एफटी८च्या प्रोग्रामला निव्वळ शांतता मिळत होती आणि पडद्यावर कुठेही चूक म्हणून काही लिहिलेलं नव्हतं. मूळ आवाजाचं साधनही बदललेलं. आलेल्या संदेशाची घंटी त्या केबलमध्ये वाजत होती, म्हणजे प्रक्षेपण चालू असतं तर ती हवेत गेली असती. ज्याने पाच आठवडे घालवून एकेक खिळा ठोकला, त्याला न विचारता सगळे खिळे उपटायचा अधिकार कुणी दिला, असं काका त्या दिवशी म्हणाले. मला त्यांचा राग अगदी रास्त वाटतो. घरचा संगणक सोयीसाठी बनतो आणि सोय म्हणजे काय, हे बनवणारा ठरवतो.

तेव्हापासून तो लॅपटॉप फक्त रेडिओसाठी आहे. अद्ययावत करणं लांबणीवर टाकलेलं; महिन्यातून एक सकाळ त्यासाठी राखलेली, आणि त्यानंतर पाहायच्या अकरा गोष्टींचा कागद टेबलाच्या काचेखाली. कागद काकांच्या अक्षरात आहे.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर असताना २८ मेगाहर्ट्झवर कधीतरी नेटवर्क स्विचचा दिवा क्षणभर विझतो आणि ऐकणं अर्धा सेकंद थांबतं. आम्ही केबल बदलून पाहिली, आता आवरण असलेली केबल आणि दोन्ही टोकांना फेराइट लावून पाहणार आहोत. दुसरी गोष्ट वेगवान ब्रेक-इनची. दोन अक्षरांच्या मध्ये समोरच्याला ऐकायचं तर ४३ मिलिसेकंदांचा बफर आणि त्यावरचा बाकी विलंब आड येतो. काका म्हणतात, जुन्या ट्रान्सीव्हरवर हे जमायचं. जमायचंच. मी त्यांना दुसरं काही सांगू शकत नाही.

वहीचा समास ते अजून राखून ठेवतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा चाळून पाहिली: टक् गेल्यानंतरची सोळा पानं, समासात दोनच वेळा लिहिलेल्या, दोन्ही लॅपटॉप अद्ययावत झाला त्या सकाळच्या.